पाहिल्याशिवाय हो म्हणायचं नाही

३ फेब्रुवारी

मामा,

कान गेल्यापासून तू फोन फडताळात टाकलास आणि सगळ्या घराला पत्रं लिहायला लावलंस, म्हणून आई तुझ्या नावाने बोटं मोडते. मला मात्र हे बरं वाटतंय. फोनवर तू "नोकरी कशी चाललीये" विचारलं असतंस, मी "ठीक" म्हणाले असते आणि संपलं असतं. आता बस आणि सगळं ऐक.

भरती-ओहोटी मोजणाऱ्या या कार्यालयात मी लागले त्याला पाच महिने झाले. समुद्राचं पाणी किती चढलं, किती उतरलं, हे इथे गेली एक्याण्णव वर्षं लिहिलं जातंय. पहिली साठ वर्षं ते कागदाच्या गुंडाळ्यांवर होतं. ड्रम सावकाश फिरायचा, तरंगणाऱ्या डब्याला बांधलेली पेन्सिल खालीवर व्हायची, आणि समुद्र आपलं चित्र आपणच काढायचा. ते रोल आता पापडासारखे झालेत. आमच्या रोलवाल्या बाई गेली सहा वर्षं एकेक उघडून त्याची प्रत कॉम्प्युटरमध्ये घेतायत.

माझं काम तीन कॉम्प्युटरांचं. एक आजचं पाणी लिहून घेतो, दुसरा बाईंचे रोल साठवतो, तिसरा दोन्ही वाचून उद्याच्या भरतीचा अंदाज काढतो, आणि त्या अंदाजावर पायलट लोक जहाजं बंदरात आणतात. आतापर्यंत प्रत्येकाची डिस्क वेगळी होती आणि एकाचं दुसऱ्याकडे नेण्यातच दिवस जायचा. आता तळघरात डिस्कांचं एकच मोठं कपाट आलंय आणि तिघांनी त्यातच लिहायचं, त्यातच वाचायचं, तेही एकाच वेळी. ते जमवून द्यायला मला बसवलंय. मी त्या तिघींना थोरली, मधली, धाकटी म्हणते. तीन जावा आणि एक कपाट.

तू म्हणशील, भांडणं होणार. होत नाहीत. नियम असा की कुठल्याही खणाला हात लावण्याआधी बाकी दोघींना विचारायचं. जिच्याकडे त्या खणाची किल्ली असेल ती हातातलं काम आधी नीट आत ठेवते आणि मगच किल्ली पुढे देते. हे सेकंदाला हजारो वेळा चालतं, कुरकुर न करता. अशा जावा मी अख्ख्या खानदानात पाहिल्या नाहीत.

काल सगळं जुळलं. मी थोरलीवर बसून एका कोऱ्या पानावर "आहे" एवढंच लिहिलं आणि धाकटीकडे वळले, तर तिच्याकडे ते होतं. कोणी पाठवलं नव्हतं, कोणी आणलं नव्हतं. मी खुर्चीत बसूनच राहिले, मामा. पाच महिने ज्याच्यामागे लागले होते ते झालं, आणि मला आनंद व्हायच्या आधी भीतीच वाटली, देवघरात वाटते तशी.

मामीला नमस्कार. ती माझी पत्रं चोरून वाचते हे मला ठाऊक आहे.

भिंगरी


९ फेब्रुवारी

भिंगरे,

पत्र दोनदा वाचलं. मामीने तीनदा. तिचं म्हणणं, जावांना विचारून कपाट उघडायची पद्धत निघाली असेल तर ती आधी आपल्या घरी आणायला हवी होती.

तू समजतेस हे काहीतरी नवीन आहे. अगं, आम्ही हेच केलं जन्मभर. माझं स्टेशन एकेरी मार्गावरचं. दोन स्टेशनांच्या मधल्या रुळांवर एका वेळी एकच गाडी. पलीकडचा मास्तर माझ्याकडे लाइन क्लिअर मागणार, मी दिली तरच तो पुढची गाडी सोडणार. आणि मी ती द्यायची केव्हा? आधीची गाडी स्टेशनात शिरली म्हणून नाही. ती पूर्ण शिरली, शेवटच्या डब्यामागची पाटी आपल्या डोळ्यांनी पाहिली, तेव्हा. मालगाडीचं कपलिंग मध्येच तुटून चार डबे मागे राहिले तर इंजिनाला त्याचा पत्ताही नसतो. ते ऐटीत शिटी मारत येतं. म्हणून पाहिल्याशिवाय हो म्हणायचं नाही. चौतीस वर्षं मी या एका वाक्यावर काढली आणि एकदाही त्यापासून ढळलो नाही.

तरी तुझी ती "आहे"ची गोष्ट वाचून माझ्याही अंगावर काटा आला. पलीकडचा मास्तर मला दहा-दहा वर्षं दिसत नसे, फक्त यंत्रावर त्याचे ठोके येत. ते ठोके ऐकून हजार माणसं भरलेली गाडी मी अंधारात सोडायचो. त्या वेळी त्यात काही वाटलं नाही. आता घरी बसून वाटतं, केवढा हा विश्वास.

मात्र एक सांग. तुझ्या तीन जावांपैकी एक बोलेनाशी झाली तर? ती मेली की रुसली, हे बाकीच्या दोघींना कसं कळतं?

मामा


२० फेब्रुवारी

मामा,

तू बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंस. सगळ्या कामात अवघड काय होतं, तर हेच.

तिघी एकमेकींना दर सेकंदाला "मी आहे" म्हणत असतात. एखादीचा आवाज थोडा वेळ आला नाही की बाकीच्या दोघी जागच्या जागी थांबतात. कपाटाला कोणी हात लावायचा नाही. कारण गप्प झालेली मेलेलीच असते असं नाही. तिला नुसती भोवळ आलेली असू शकते. आणि भोवळ गेली की आपण मध्ये बेशुद्ध होतो हे तिला कळत नाही. आपल्या हातात किल्ली आहे असं समजून ती अर्धवट राहिलेली ओळ पुढे लिहायला लागते. तोवर दुसरीने तिथे काही ठेवलं असेल तर त्यावरच लिहिते. दोघींचंही नासतं.

म्हणून आमचा नियम असा की गप्प झालेलीची वीज आधी तोडायची. ती मेली आहे अशी खात्री करण्याचा हा एकच मार्ग, की आपण तिला बंद करायचं. याला फेन्सिंग म्हणतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार क्रूर वाटलं होतं. आता वाटतं, ज्याने हे शोधलं त्याने माणसांना जवळून पाहिलं असणार.

वीज आपोआप तोडणाऱ्या स्विचची फाइल खरेदी विभागात अडकली आहे. तोपर्यंत ते काम माणसाचं. तळघरात जायचं, हाताने प्लग काढायचा, मग पडद्यावर येणाऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायचं: हे यंत्र बंद झाल्याची तुम्ही स्वतः खात्री केली आहे का? तिथे "हो" लिहिलं की दोघी पुन्हा कामाला लागतात. हे काम मी आणि ऑपरेटरदादा, आम्ही दोघंच करतो. दादा आठ वर्षं इथे कंत्राटावर आहेत. दर एकतीस मार्चला त्यांचं कंत्राट संपतं आणि दर एक एप्रिलला नवं होतं. त्यांनीच मला हे तळघर दाखवलं, कुठला पंखा कधी कुरकुरतो तेही.

तुझं वाक्य मी मोठ्या अक्षरात लिहून माझ्या पडद्याच्या वर चिकटवलंय. दादांनी विचारलं, कोणाचं आहे? मी म्हटलं, ज्यांनी ते चौतीस वर्षं पाळलं त्यांचं. त्यांनी मान डोलावली.

भिंगरी


१८ मार्च

मामा,

पत्राला उशीर झाला. इथे एक वाईट गोष्ट झाली.

अकरा तारखेला सकाळी दहा-वीसला मधली गप्प झाली. नियमाप्रमाणे सगळं थांबलं. बंदराबाहेर एक मोठं जहाज उभं होतं, भरती उतरायला चाळीस मिनिटं राहिली होती आणि पायलट अंदाज मागण्यासाठी फोनवर फोन करत होता. तेव्हा कोणीतरी तळघरात न जाताच पडद्यावर "हो" लिहिलं.

मधली मेलेली नव्हती. चार मिनिटांनी ती जागी झाली आणि लिहायला लागली.

जहाज सुखरूप आत आलं. पण बाईंनी या महिन्यात साठवलेले रोल, म्हणजे जुन्या काळातले एक्केचाळीस दिवस, वाचता येईनासे झाले. महिन्याच्या शेवटी आम्ही सगळ्याची दुसरी प्रत काढतो, तिथवर ते पोचलेच नव्हते. तीस दिवसांचे कागद अजून शाबूत आहेत, ते पुन्हा घेता येतील. अकरा दिवसांचे कागद पहिल्या वेळी उघडतानाच चुरा झाले होते. ते आता कुठेच नाहीत. त्या अकरा दिवसांत समुद्राने काय केलं हे आता जगात कोणालाही कळणार नाही. बाई हे ऐकून रडल्या नाहीत. चष्मा पुसत बसल्या.

यंत्राच्या नोंदीत "हो" कोणी लिहिलं त्याचं नाव नाही, कारण आम्ही दोघं एकाच नावाने आत शिरतो. त्या सकाळी ड्यूटी दादांची होती. सगळ्यांनी धरून चाललंय की त्यांनीच लिहिलं. आणि दादा स्वतः म्हणतात, "त्या गडबडीत मी दहा प्रश्नांना हो म्हटलं असेल, त्यात तेही असेल." डायरेक्टरांनी त्यांच्याकडून लेखी खुलासा मागवलाय. एकतीस तारीख जवळ आली आहे.

तुला काय वाटतं, मामा? ज्याने असं केलं त्याचं काय करावं?

भिंगरी


२२ मार्च

भिंगरे,

विचारलंस म्हणून सांगतो. अशा माणसाला कामावर ठेवू नये.

फोन वाजत होता, जहाज थांबलं होतं, ही काय कारणं झाली? घाई नसते तेव्हा नियम कोणीही पाळतो. जिने उतरायला अंगात आळस, आणि हो म्हणायला जीभ तयार. आज अकरा दिवसांचा समुद्र गेला, उद्या जहाज जाईल. आणि वर म्हणतो, आठवत नाही. ज्याला आपण काय केलं तेही आठवत नाही त्याच्या हातात किल्ल्या कशाला द्यायच्या? दया करायला जाशील तर तूच गोत्यात येशील. डायरेक्टरांना सांग, चौतीस वर्षं स्टेशन सांभाळलेल्या माणसाचं हे मत आहे.

मामीला मी हे वाचून दाखवलं. ती उठून आत गेली. तिला माझा सूर आवडला नसावा.

मामा


२५ मार्च

मामा,

तुझं पत्र आज सकाळी आलं. जेवायच्या सुट्टीत जिन्यात बसून वाचलं.

तो माणूस म्हणजे मी.

दादा त्या वेळी पायलटशी बोलायला बाहेरच्या खोलीत गेले होते. प्रश्न माझ्या पडद्यावर आला. फोन वाजत होता हे खरं, पण फोनमुळे नाही, मामा. लिफ्ट बंद होती आणि तळघर चार जिने खाली. मला वाटलं, इतका वेळ गप्प आहे म्हणजे गेलीच असणार. मीच तिला उभी केली होती, मला तिची नस न नस माहीत आहे असा माझा समज होता. तुझं वाक्य डोळ्यांसमोर होतं. त्याच्याखाली बसून मी "हो" लिहिलं.

गेल्या पत्रात तुला "कोणीतरी" म्हणून लिहिलं. वाटलं होतं, तू कदाचित म्हणशील, चुकतं माणसाचं, जाऊ दे. मग मी गप्प राहू शकले असते. त्यासाठीच विचारलं होतं, आणि त्याची आता फार लाज वाटते.

मी अजून कोणाला काही सांगितलेलं नाही. माझी नोकरी पक्की व्हायला एकच महिना आहे. दादा रोज येतात, मला चहा आणून देतात आणि विचारतात, "ताई, तुम्हाला आठवतं का हो, मी नक्की कधी दाबलं ते?" आणि मी म्हणते, नाही. सहा दिवस राहिलेत. धीर होत नाही.

तुझी
भिंगरी


२५ मार्च

भिंगरे,

मागचं पत्र टपालात टाकलं आणि तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. ते परत मागवता आलं असतं तर बरं झालं असतं. ते फाडून टाक. डायरेक्टरांना माझं मत वगैरे काही सांगू नकोस.

चौतीस वर्षांत एकदाही नाही, असं मी तुला लिहिलं. ते खोटं आहे. एकदा.

उन्हाळ्यातली दुपार होती. मालगाडी आली. मला खिडकीपाशी जाऊन शेवटची पाटी पाहायची होती. खुर्चीपासून खिडकी सात पावलं. उठायचा कंटाळा आला, बाकी काही नाही. गाडीचा आवाज थांबला म्हणजे ती आली, असं धरून मी लाइन क्लिअर दिली. शेवटचे पाच डबे मागे रुळांवरच राहिले होते. पलीकडून पॅसेंजर सुटली. सरळ मार्ग आणि लख्ख उजेड, म्हणून ड्रायव्हरला लांबून डबे दिसले. साठ पावलांवर गाडी थांबली. त्या गाडीत किती माणसं होती हे मी कधी विचारलं नाही.

चौकशी झाली. मला विचारलं, पाटी पाहिली होती का? मी सांगितलं, माझ्या सांधेवाल्याने गाडी पूर्ण आल्याचं मला कळवलं. रूळ बदलणारा तो माणूस, गाडी पूर्ण आल्याचं कळवणं हेही त्याचंच काम, त्यामुळे सगळ्यांना पटलं. तो चौकशीत काही बोलला नाही असं मला नंतर सांगण्यात आलं. तेव्हा मला हायसं वाटलं. मी मनात म्हटलं, बिचारा साधा आहे, त्याला आठवत नसेल. त्याची बढती कायमची थांबली आणि त्याला माळावरच्या एका फाटकावर पाठवलं. तिथूनच तो निवृत्त झाला.

मामीलाही हे आज पहिल्यांदा सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटायचंच, तुम्ही त्या वाक्याचा इतका डंका का पिटता."

म्हणून तुला विनवणी करतो. तुझ्या त्या ऑपरेटरला आठवत नाही, एवढ्यावरून त्याने केलं असं धरू नका. खरं कोणी केलं ते आधी शोधा. ज्याने केलं त्याला ते आठवत असतं. चांगलं आठवत असतं.

मामा


३ एप्रिल

मामा,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तुझं मला अठ्ठावीसला मिळालं. माझं तुला त्याच दिवशी मिळालं असणार. एकाच तारखेला, एकमेकांना न सांगता. मी ती तारीख परत परत पाहिली.

तुझं पत्र वाचून संपलं आणि मी तशीच डायरेक्टरांच्या खोलीत गेले. उभ्यानेच सांगितलं. त्यांनी विचारलं, "सतरा दिवस का लागले?" मी खरं तेच सांगितलं, की दादांनी कबूल केलं असतं तर मी गप्प राहणार होते. ते म्हणाले, हेही लिहून द्या. मी लिहून दिलं.

माझी नोकरी वर्षभर पक्की होणार नाही. किल्ल्या काढून घेतल्या आहेत. दादांचं कंत्राट नवं झालं. मी त्यांची माफी मागितली तेव्हा ते जिन्याच्या पायरीवर बसले. म्हणाले, "मी घरी बायकोला सांगूनसुद्धा टाकलं होतं, की मीच दाबलं. या बोटाने दाबलं, म्हणून दाखवलं होतं." ते बोट त्यांनी माझ्यासमोर धरलं आणि पाहत राहिले, आपलंच काही हरवलेलं परत मिळावं तसं. त्यानंतर ते माझ्याशी फारसं बोललेले नाहीत. चहाही आणत नाहीत. बरोबरच आहे.

मला आता रोलवाल्या बाईंच्या हाताखाली दिलंय. ते तीस दिवस पुन्हा घ्यायचे. काल त्यांनी एक रोल लांबच्या लांब व्हरांड्यात उलगडला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मला म्हणाल्या, चप्पल काढून बाजूने चाला. मी चालले. माझ्या पायांशी पेन्सिलीची एक रेघ, दिवसातून दोनदा चढणारी, दोनदा उतरणारी. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचं पाणी. एका जागी ती रेघ बारीक थरथरली होती. बाई म्हणाल्या, हे कुठलंतरी लांबचं वादळ, आपल्याकडे त्या दिवशी वारासुद्धा नव्हता. ज्यांच्यावर ते कोसळलं ती माणसं कधीच गेली असतील, आणि त्याचा शहारा इथे कागदावर आहे. माझा श्वास त्या रेघेवर पडेल म्हणून मी तोंडावर हात धरला.

असे अकरा दिवस मी घालवले. पाच महिने मी त्यांना नुसता डेटा म्हणत होते.

तुझा तो सांधेवाला कुठे असतो, मामा?

भिंगरी


१४ एप्रिल

भिंगरे,

तुझ्या शेवटच्या ओळीनंतर घरात बसवेना. जुन्या लोकांकडून पत्ता काढला. इथून बसने तीन तास. त्याच फाटकाजवळच्या वस्तीत तो राहतो, मुलगा आणि सून सोबत. मामी आली होती, पण ती बाहेर सुनेजवळ बसली. म्हणाली, तुमचं तुम्ही निस्तरा.

तो ऐंशीच्या पुढे गेलाय, पण ताठ आहे. मला पाहताच उभा राहिला आणि सलाम करायला हात उचलला. मी तो हात धरून खाली घेतला. मग सगळं सांगितलं, खुर्ची, खिडकी, सात पावलं, चौकशीत काय बोललो ते. एका दमात. तो मध्ये काही म्हणाला, पण मला ऐकू येत नाही हे त्याच्या लक्षात आलं. नातवंडाची वही आणि पेन घेऊन तो माझ्या शेजारी बसला.

त्याने लिहिलं: "मला माहीत होतं साहेब. पाटी दिसली नाही म्हणून मी हात हलवत धावत आलो होतो. तुम्ही खिडकीत नव्हता."

म्हणजे मी नुसते डोळे वर करून पाहिलं असतं तरी पुरे होतं. सात पावलांचीही गरज नव्हती. मी त्याला विचारलं, मग चौकशीत गप्प का राहिलास?

त्याने पेन पुन्हा उचललं. मग लिहिलं: "बोललो होतो. त्यांनी लिहून घेतलं नाही."

भिंगरे, त्याला आठवत नव्हतं म्हणून तो गप्प राहिला असं मी इतकी वर्षं मानत आलो. आता वाटतं, त्याचं बोलणं कागदावर आलं नाही, एवढ्यावरच मी मास्तर म्हणून सन्मानाने निवृत्त झालो.

मी तिथेच रेल्वेच्या नावाने अर्ज लिहिला. दोष माझा, सांधेवाल्याचा नाही, त्याच्या नोंदीतला शेरा काढावा, माझ्यावर जी कारवाई करायची ती करावी. इतक्या वर्षांनी कोण वाचेल, ठाऊक नाही. पण लिहिलं, आणि वाचून पाहा म्हणून त्याच्या हातात दिलं.

त्याने चष्मा लावून सावकाश, बोट ठेवून वाचलं. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग पेन मागून घेतलं आणि माझा एक आकडा खोडला. गाडी आल्याची वेळ मी तीन वाजून चाळीस मिनिटं लिहिली होती. त्याने त्रेचाळीस केली आणि कागद सहीसाठी माझ्याकडे परत दिला.

मामा